गावाच्या कामासाठी अर्ज करताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण. छपाईसाठी किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.)



कालची संध्याकाळ गाण्यांत आणि आठवणींत गेली. आज सकाळी घावणे-चटणी पोटभर झाल्यावर संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘गावातल्या छोट्या कामांसाठी अनुदान कसे मिळवावे’. या वेळेला हा विषय म्हणजे झोपेला आमंत्रणच. तरी मी थोडक्यात आणि कामाचेच बोलेन.

माझी ओळख बहुतेकांना आहे. १९७८ ची दहावी. पुढे बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे कर्ज विभागात, म्हणजे लोकांचे अर्ज वाचण्यात गेली. २०१७ मध्ये निवृत्ती घेऊन गावी आलो आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो. तेव्हापासून वाचनालय, वरच्या वाडीची विहीर, स्मशानभूमीची शेड अशा कामांसाठी मिळून चौदा अर्ज केले. पाच मंजूर झाले. बँकेतल्या अनुभवावरून सांगतो, हे प्रमाण वाईट नाही.

पहिली गोष्ट. अर्ज करणे म्हणजे हात पसरणे, असे आपल्यातल्या काहींना वाटते. कोकणातल्या माणसाला तर ते फारच जड जाते. पण सार्वजनिक कामासाठी पैसा उभा करण्याची आपली परंपरा जुनी आणि सन्मानाची आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभारला आणि त्यातून तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेची वसतिगृहे चालवताना घरोघरच्या मूठभर धान्यावर मुष्टिफंड केला. आपल्याकडे तर मुंबईच्या चाळींत राहणारे चाकरमानी ग्राममंडळ काढायचे, परळच्या दामोदर नाट्यगृहात नाटकाचा मदतीचा प्रयोग लावायचे आणि त्या पैशांतून गावात शाळेच्या खोल्या उभ्या राहायच्या. आपण ज्या कौलारू खोल्यांत शिकलो, त्याही अशाच उभ्या राहिल्या आहेत. तिकिटे खपवणाऱ्या त्या माणसांना कोणी लाचार म्हटले नाही.

फरक एवढाच, की तो पैसा देणगीचा होता आणि आज आपण ज्याबद्दल बोलतो आहोत तो अनुदानाचा आहे. देणगी देणारा तुम्हाला ओळखतो, म्हणून देतो. अनुदान देणारा तुम्हाला ओळखत नाही. तो कागद बघतो. काय करणार, कोणासाठी, किती खर्चात, किती दिवसांत, आणि झाल्यावर दाखवणार कसे, या पाच प्रश्नांची उत्तरे त्याला हवी असतात. ती सरळ दिली की निम्मे काम होते.

आता पैसा असतो कुठे?

पहिला पत्ता आपल्याच गावात आहे. ग्रामपंचायत दरवर्षी विकास आराखडा करते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला आणि ४० टक्के स्थानिक गरजेप्रमाणे वापरायला मोकळा ठेवला. आराखड्यात काम नसेल तर पुढे कोणी कितीही ओळखीचा असला तरी उपयोग होत नाही. म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बसायचे, विषय मांडायचा, आणि ठराव झाला की त्याची सहीशिक्क्याची प्रत घ्यायची. वरच्या वाडीची विहीर अशीच साफ होऊन बांधली गेली. तिथे माझे काम म्हणजे दोन ग्रामसभांना शेवटपर्यंत बसणे. मुंबईकरांनो, गणपतीत येता तेव्हा सरपंचांना एवढेच विचारा, ‘आराखड्यात काय काय घेतलेत?’ या प्रश्नाचा परिणाम होतो.

दुसरे, वाचनालय. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. शासनमान्य ग्रंथालयाला त्याच्या अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे वार्षिक अनुदान मिळते. शिवाय कोलकात्याला १९७२ मध्ये स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, त्याच्या योजनांतून पुस्तकांना आणि इतर कामांना मदत होते. आपले वाचनालय चालू आहे ते या दोन धाग्यांवर, आणि रोज संध्याकाळी दार उघडणाऱ्या एका माणसावर.

तिसरे, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. शिक्षण, पिण्याचे पाणी, स्वच्छता या सगळ्या गोष्टी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत, आणि कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मोठ्या नावांकडे धावण्याआधी जवळच्या औद्योगिक वसाहतीत कोण बसले आहे ते बघावे.

आता यात एक अडचण आहे, आणि ती आपल्या माजी विद्यार्थी संघाची आहे.

आपला संघ म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप, एक वही आणि खजिनदारांचे वैयक्तिक बचत खाते. आपला एकमेकांवर विश्वास आहे, म्हणून एवढी वर्षे ते चालले. पण कायद्याच्या दृष्टीने आपण अस्तित्वातच नाही. अर्जदार म्हणून उभे राहायचे तर १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी लागते. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. दरवर्षी लेखापरीक्षण लागते. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर आयकराचे १२अ आणि ८०जी हवे, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ ही नोंदणीही हवी.

हे ऐकून घाबरू नका. हे सगळे आपण नव्याने करावे असे मी म्हणत नाही. आपली शिक्षण संस्था नोंदणीकृत आहे, तिचे हिशेब दरवर्षी तपासले जातात, आणि मागच्या वर्षी तिची ही शेवटची नोंदणीही झाली. म्हणून माझे म्हणणे असे, की अर्जदार संस्था असावी आणि राबणारे हात आपले असावेत. नवीन ट्रस्ट काढण्याचा उत्साह पहिल्या वर्षी असतो. तिसऱ्या वर्षी बदल अर्ज भरायला कोणी सापडत नाही.

परदेशात असलेल्या मित्रांसाठी एक सूचना, कारण यात गफलत झाली तर संस्था अडचणीत येते. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि तुम्ही स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवलेत, तर ते विदेशी योगदान धरले जात नाही. पण तुम्ही तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असूनही तुमची देणगी विदेशी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खास खाते असावे लागते. ते आपल्याकडे नाही. तेव्हा कृपा करून प्रेमाच्या भरात थेट पैसे पाठवू नका. आधी विचारा. आणि इथल्यांनो, २००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर ८०जीची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ती तशीही नाही. तेव्हा पुण्य पूर्ण पदरात पडेल, कर वाचणार नाही.

आता अर्ज लिहायचा कसा, ते सांगतो. उदाहरण आपल्याच शाळेचे घेतो.

आपल्या गावात पाऊस किती पडतो ते तुम्हाला सांगायला नको. तरी फेब्रुवारीच्या मध्यापासून शाळेच्या नळाला पाणी नसते. जांभ्या दगडातून पाणी वाहून जाते आणि नळयोजनेची विहीर तळाला जाते. प्यायचे पाणी टँकरने आणि मुलांच्या बाटल्यांतून भागते. मुलींच्या स्वच्छतागृहात मात्र पाणी नसते. परिणाम काय होतो? आठवी ते दहावीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि परत येत नाहीत. महिन्याचे ते दिवस असतील तर सकाळीच येत नाहीत. दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली तर कितीतरी आहेत. आमच्या वेळीही हे होतेच, पण आम्हा मुलांना ते कधी दिसले नाही. काल वर्गात आठवणी सांगताना १९८४ च्या बॅचच्या एका ताईंनी ते धीटपणे सांगितले, म्हणून आज मला इथे बोलणे सोपे जात आहे.

ही गरज कागदावर कुठेच नव्हती. हजेरी सकाळी घेतली जाते, त्यामुळे दुपारी गेलेली मुलगी हजेरीपत्रकात हजरच असते. मग बाईंच्या परवानगीने गेल्या मार्चमध्ये वर्गशिक्षकांनी दोन आठवडे मधल्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा मोजणी केली. नावे लिहिली नाहीत, फक्त आकडा. ते एक पान आपल्या अर्जातले सगळ्यात वजनदार पान आहे. ‘शाळेला पाण्याची नितांत गरज आहे’ असे दहा वेळा लिहून जे होत नाही, ते दोन आठवड्यांच्या आकड्यांनी होते. तेव्हा पहिला नियम असा धरा, की आधी मोजायचे आणि मग लिहायचे.

दुसरा नियम, मागणी गरजेएवढीच असावी. पहिल्यांदा सगळ्यांनी सुचवले की लाख लिटरची टाकी बांधू. आपण हिशेब केला. शाळेत ९० मुली. स्वच्छतागृहासाठी माणशी रोज ८ लिटर, म्हणजे दिवसाला ७२० लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेर शाळेचे कामाचे दिवस धरा ५५. गुणाकार होतो ३९,६०० लिटर. म्हणजे ४० हजार लिटरची टाकी पुरते.

ती भरणार कशी? एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. नव्या इमारतीचे पत्र्याचे छप्पर ३० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे २४० चौरस मीटर. गळती, उडणे, पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून देणे, हे सगळे धरून ८० टक्के पाणी हाती लागते असे माना. तरी २१० मिलिमीटरच्या आसपास पावसात टाकी भरते. आपल्याकडे जुलैतल्या एका चांगल्या आठवड्याचे हे काम आहे. टाकी सप्टेंबरअखेर भरून झाकून ठेवायची आणि नळ बंद पडेल त्या दिवशी उघडायची. हे गणित सातवीच्या मुलांना समजते. म्हणून ते अर्जात जसेच्या तसे घातले आहे. वाचणाऱ्याला गणित समजले की तो आपल्या बाजूला येतो.

तिसरा नियम अंदाजपत्रकाचा. टाकी, पन्हळी, गाळणी, छोटा पंप, स्वच्छतागृहाची नळदुरुस्ती, असे प्रत्येक काम वेगळ्या ओळीत लिहायचे. प्रत्येकाला तीन दरपत्रके जोडायची. इतर खर्च, किरकोळ खर्च, असली ओळ शक्यतो नको. मी बँकेत होतो तेव्हा माझी नजर सगळ्यात आधी त्याच ओळीवर जायची. आपला एकूण खर्च ३ लाख ६० हजारांवर आला आहे.

चौथा नियम, आपला वाटा. अर्ज करणाऱ्याने स्वतः काही घातले नसेल तर दुसऱ्याने का घालावे? श्रमदानाचे मोल धरता येते, पण रोख वाटा असला की अर्जाला भार येतो. आपण २५ टक्के, म्हणजे ९० हजार रुपये, असे लिहिले आहे.

पाचवा नियम, पुढची देखभाल. दरवर्षी मे महिन्यात टाकी कोण धुणार, पन्हळीतला पालापाचोळा कोण काढणार, पंप बिघडला तर पैसे कुठून येणार? एका संस्थेने आपला मागचा एक अर्ज याच मुद्द्यावर परत पाठवला होता, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. गावोगावी अनुदानाच्या टाक्या, सौरदिवे, व्यायामाची यंत्रे गंजून पडलेली आपण बघतोच. आता आपल्या अर्जात संस्थेचा ठराव जोडला आहे, की देखभालीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला ठेवली जाईल.

अर्ज गेल्यावर गप्प बसू नये. तीन आठवड्यांनी एक फोन करावा, नम्रपणे विचारावे. नकार आला तर कारण विचारावे. कारण समजले की पुढचा अर्ज सुधारतो. आणि मंजुरी आली की खरे काम सुरू होते. त्या पैशाचा हिशेब वेगळा ठेवायचा, प्रत्येक व्हाउचरवर सही घ्यायची, काम सुरू होण्याआधीचा, चालू असतानाचा आणि झाल्यावरचा फोटो एकाच जागी उभे राहून काढायचा. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत द्यायचे. पैसे उरले तर उरले म्हणून लिहायचे. वाचनालयाच्या कपाटांच्या कामात ११०० रुपये उरले, ते आम्ही पत्र लिहून परत केले. देणाऱ्या संस्थेच्या बाईंचा मुद्दाम फोन आला. पुढच्या वर्षी त्यांनीच विचारले, ‘आणखी काही काम आहे का?’

आता जरा नाजूक विषयाकडे येतो. काल रात्रीच्या बैठकीत असे ठरत आले आहे, की संघाकडे जमलेल्या १ लाख ८० हजारांतून शाळेच्या दाराशी कमान उभारावी आणि तिच्यावर देणगीदारांची नावे कोरावीत. कमानीला माझा विरोध नाही. शाळेवर प्रेम आहे म्हणूनच ती सुचते, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांची नावे राहावीत यातही गैर काही नाही. पण माझी विनंती आहे, की त्यातले ९० हजार आधी टाकीचा आपला वाटा म्हणून संस्थेच्या खात्यावर द्यावेत. तेवढे दिले की उरलेल्या २ लाख ७० हजारांसाठी आपण दुसऱ्याच्या दारात ताठ मानेने उभे राहू शकतो. एका कंपनीने जानेवारीअखेर प्रस्ताव मागवला आहे. प्रस्तावासोबत आपल्या वाट्याचा बँक दाखला जोडायचा आहे. आज ठरले तर येत्या पावसाच्या आधी टाकी उभी राहील. पुढच्या स्नेहमेळाव्यावर ढकलले, तर तोवर आणखी एक तुकडी कोरड्या नळाखालून दहावी होऊन जाईल. कमानीला उरलेले ९० हजार आहेतच, आणि ती पुढच्या वर्षी झाली तरी कोणाची हजेरी बुडणार नाही.

शेवटचा मुद्दा माणसांचा. या सगळ्या कामाची फाईल माझ्या घरी, कपाटाच्या खालच्या खणात आहे. ठराव, दरपत्रके, नोंदणीच्या प्रती, पत्रव्यवहार, सगळे. माझी साठी उलटली. गेली दोन वर्षे मी एकटाच ही फाईल सांभाळतो आहे आणि हे बरोबर नाही. एका माणसाच्या खणात असलेले काम त्या माणसाबरोबर संपते. मला तीन माणसे हवीत. एक हिशेब समजणारे, वयाने पन्नाशीच्या आतले. एक गावात राहणारे, ज्यांना पंचायतीत आणि तालुक्याला जाता येईल. आणि एक कोणीही, कुठेही राहणारे, ज्यांना चांगले मराठी आणि कामापुरते इंग्रजी लिहिता येते. महिन्याला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. पहिले वर्षभर मी सोबत बसेन.

यात एक तरी माजी विद्यार्थिनी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकी कुठे बसवायची, नळ किती उंचीवर हवा, दाराची कडी आतून लागते का, हे आम्ही पुरुषांनी कागदावर ठरवण्यापेक्षा त्यांनी जाऊन बघून ठरवलेले बरे.

भोजनाच्या मांडवात दाराजवळच्या टेबलावर मी त्या अर्जाच्या दहा प्रती आणि एक वही ठेवली आहे. अर्ज वाचा, गणित तपासा, चूक दिसली तर पेन्सिलने खूण करा. ज्यांना काम करायचे आहे त्यांनी वहीत नाव आणि फोन लिहा. ९० हजारांचा ठराव दुपारी चारच्या सभेत येईल, त्या आधी परतीची गाडी पकडू नका, एवढे सांगतो आणि थांबतो.